डाव्या टाकीची हवा

बाबांच्या शेवटच्या कामाच्या दिवशी माझ्या तोंडाची डावी बाजू बधिर होती.

सकाळी आठ वाजता मी दंतवैद्यांच्या खुर्चीत होते. दाढ पोखरता पोखरता ते मला स्वतःच्या विमानाबद्दल सांगत होते. चार आसनांचं, एका इंजिनाचं, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असं ते विमान आदल्या संध्याकाळपासून दुरुस्तीसाठी आमच्या हँगरमध्ये उभं होतं. "चाळीसेक मिनिटं अगदी नीट चालतं, आणि मग एकदम जीव जातो बघ त्याचा. आता गेलं, आता गेलं म्हणेपर्यंत परत सुरळीत." माझ्या तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा होता. तेव्हा पेट्रोलच्या कोणत्या टाकीवर होतात, असं मला विचारायचं होतं. बाहेर फक्त "आँ" आलं.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले.

मी हँगरवर पोचले तेव्हा बाबा इंजिनाची झाकणं काढून बसले होते. धावपट्टीच्या टोकाला पत्र्याची एक मोठी शेड, ती आमची. मी सहा वर्षांची असल्यापासून तिथे जाते. पहिला पाना ओळखायला शिकले तो दहा नंबरचा, म्हणून बाबा मला तेव्हापासून दहा नंबर म्हणत. पुढे मी रीतसर परवाना घेतला, चाळिशी गाठली, तरी माझा नंबर वाढला नाही.

"या दहा नंबर. सकाळी सकाळी तोंड का वाकडं?"

"इंजेक्शन," मी म्हणाले. ते काहीतरी भलतंच बाहेर पडलं. बाबा हसले.

"बरं झालं. दुपारपर्यंत तरी शांतता."

दंतवैद्यही माझ्या मागोमाग आले. त्यांनी सकाळचे रुग्ण पुढे ढकलले होते. बाबांनी त्यांना उलट्या बादलीवर बसवलं आणि चौकशी सुरू केली. बाबांची ही पद्धत होती. वैमानिकाला बसवायचं, स्वतः उभं राहायचं आणि तो सगळं ओकेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही.

"वाटलं काय ते नको. झालं काय ते सांगा."

"गचके द्यायला लागलं."

"उचकीसारखे की धाप लागल्यासारखे?"

दंतवैद्यांनी डोळे मिटून विचार केला. "धाप."

"मग काय केलंत?"

"सगळंच केलं उस्ताद. पंप लावला, टाकी बदलली, पेट्रोल वाढवायचं ते लाल दांडकं पुढे रेटलं, देवाचं नाव घेतलं."

"आणि कशाने सुधारलं?"

"चारांपैकी कशाने तरी."

"देव सोडला तर तीन उरले," बाबा म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट करायची असते, डॉक्टर."

"खाली झाडं होती हो! तुम्ही केली असतीत एका वेळी एक?"

"नसती केली," बाबांनी कबूल केलं. मग ते माझ्याकडे वळले. "धाप म्हणजे पेट्रोल. उचकी असती तर ठिणगीकडे गेलो असतो. ठिणगीही बघू, पण आधी पेट्रोल."

त्यांनी खडू घेतला आणि विमानाच्या नाकासमोर, सिमेंटच्या फरशीवर, गुडघा धरून वाकत यादी लिहिली. गाळणी, पंप, कार्बुरेटर, टाक्या बदलणारी चावी, पेट्रोलच्या नळ्या, उजवा व्हेंट, डावा व्हेंट, प्लग. अशा बारा-तेरा गोष्टी. त्यांना ते संशयित म्हणत. जो निर्दोष ठरेल त्याच्यावर फुली. प्रत्येकाबद्दल ते एकदाच विचारत. उत्तर ऐकलं की फुली मारत आणि पुन्हा तो विषय काढत नसत. दुसऱ्यांदा विचारायचं तर पहिल्यांदा विचारलंच कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

व्हेंट म्हणजे पंखाच्या पोटाखाली निघणारी बोटभर जाडीची नळी. दोन्ही पंखांत एकेक टाकी असते; तिच्यातलं पेट्रोल जसं कमी होत जातं, तशी या नळीतून बाहेरची हवा आत जाते. नळी मोकळी आहे का ते बघायचं तर तिला तोंडाने फुंकायचं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, टाकी फुगते. या विमानाचे पंख खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर होते. त्यामुळे पुठ्ठा पसरून त्याच्यावर उताणं पडायचं, रबरी नळीचा तुकडा जोडायचा आणि फुंकायचं.

उजवी नळी मी जेमतेम फुंकली. तोंडाच्या धड कोपऱ्यात नळी धरून, गाल दाबून. हवा गेली. डाव्या पंखाखाली सरकले तेव्हा ओठ मिटेचनात. फुंकर गालातून सुटली, पादल्यासारखा आवाज झाला आणि लाळ थेट कानात गेली. मला हसू आलं.

"काय झालं?" बाबा कॉकपिटमधून ओरडले.

"काही नाही."

मी बॅटरी लावून नळीत बघितलं. तोंडाशी स्वच्छ होती. वळणापर्यंत आतलं अॅल्युमिनियम चकाकत होतं.

"डावा व्हेंट?"

"साफ."

"फुंक मारलीस?"

"हो."

ते खाली उतरले. मला त्यांचे बूट दिसले, वाकलेला गुडघा दिसला, आणि खडूचे दोन फराटे ऐकू आले.

नाही म्हणाले असते तर ते स्वतः आडवे झाले असते. त्या गुडघ्यांनिशी जमिनीवरून उठायला त्यांना पाच मिनिटं लागत आणि उठताना ते माझ्याकडे बघत नसत. म्हणून मी हो म्हणाले, असं नंतर मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी गुडघे माझ्या मनातही नव्हते. बघितलंय की, साफ तर आहे, एवढंच होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या संशयितांवर फुल्या पडल्या. टाकीतून किती पेट्रोल येतं तेही मोजलं. दोन्ही बाजूंनी धार करंगळीएवढी, एकसारखी. इंजिन चालवलं. पंधरा मिनिटं ते इतकं सुरेख चाललं की बाबा वैतागले. मग त्यांनी लॉगबुक पुढे ओढलं. तपासलेल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकाखाली एक लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, 'दोष आढळला नाही. आढळेपर्यंत उड्डाण नाही.' खाली सही. परवाना माझ्याकडेही होता, पण आमच्या शेडमध्ये सही त्यांची.

"हे वाक्य मी आजवर कधी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. घरी जाताना गाडीत पुन्हा बोलले ते फक्त एकदा. "उद्या फरशी पुसू आणि पहिल्यापासून लिहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगाच्या कडेला बसलेले सापडले. एक मोजा पायात होता आणि एक हातात. घरी तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, क्षणभराचं काम. कळलंही नसेल.

*

आत्या आली आणि तीन आठवडे राहिली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, आवाज तिशीचा. घरात चार चष्मे सापडले. तिने ते टेबलावर ओळीने मांडले आणि कोणाला द्यायचे म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू देत.

"तुझ्या बापाने घरात एक खिळा कधी सरळ ठोकला नाही," ती म्हणाली. "आणि जग म्हणे त्याच्या भरवशावर आभाळात जायचं." मग ती बराच वेळ नाक पुसत राहिली.

बाविसाव्या दिवशी मी कामाचे बूट घातले.

"आज कुठे निघालीस? बस की घरात. विमानं काय पळून जातात?"

"जातात ना गं आत्या. तेच तर काम त्यांचं."

ती हसली नाही. "कोणाला तरी बरोबर ने," ती म्हणाली. बरोबर न्यायला कोण होतं?

हँगरचं दार सरकवायला दोघं लागतात असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. एकटीलाही सरकतं. फक्त दोनदा थांबावं लागतं.

विमान होतं तसंच होतं. झाकणं काढलेली, नाकासमोर फुल्याच फुल्या. मी पाणी आणून फरशी पुसली, कारण तसं ठरलं होतं. मग वाकून नवी यादी लिहिली. क्रम मात्र मी बदलला. गाळणी वर घेतली, पंप, कार्बुरेटर, नळ्या, प्लग. डावा व्हेंट सगळ्यात शेवटी लिहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मला माहीत होतं. पुराव्याने नव्हे, पण आपण ज्या खोलीचं दार उघडत नाही त्या खोलीत काय आहे हे जसं माहीत असतं, तसं. पहिल्याच सकाळी पुठ्ठा टाकून आडवी झाले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. नळी मोकळी निघाली असती तर मी सुटले असते. पण बंद निघाली असती तर? बाबांच्या हातचं शेवटचं वाक्य, आयुष्यात एकदाच लिहिलेलं, माझ्यामुळे लिहिलं गेलं असं ठरलं असतं. म्हणून मी चार दिवस बाकी सगळं केलं.

पेट्रोलचा पंप एका पत्र्यावर बसतो. पत्र्याच्या एका अंगाला नट, दुसऱ्या अंगाला बोल्ट. एकाने आतून पाना धरायचा, दुसऱ्याने बाहेरून फिरवायचं. आम्ही हे न बोलता करत असू. मी आता आतल्या पान्याला चिंध्यांची पाचर मारली आणि बाहेर आले. फिरवलं की पाचर निसटे, पाना खाली पडे, आणि मी परत आत. एका नटाला पाऊण तास लागला. बॅटरी दातात धरावी लागे. भरलेली दाढ दुखे. एकदा इंजिनात डोकं असताना मी हात मागे करून बोटं हलवली. चौदा नंबर हवा असला की मी तसं करायची. हात बराच वेळ तसाच राहिला.

दोन माणसांच्या कामाला एकच माणूस उरलं की अर्धं काम होईल असा माझा हिशेब होता. होत नाही. अर्ध्याच्याही खाली जातं.

प्रत्येक गोष्ट निर्दोष निघत होती. बाबांनी ज्याला ज्याला हात लावला होता ते सगळं बरोबर होतं. प्लगमधली फट, गाळणीची जाळी, चावीचा खटका, सगळं. फुली मारताना मला दर वेळी अभिमान वाटे, आणि यादी लहान होत चालली होती.

चौथ्या दिवशी दुपारी दंतवैद्य आले. आता कोणी बसवलं नाही तरी ते आपणहून बादलीवर बसले.

"तू जेवतेस का नीट?"

"हो."

"दाढ?"

"ठीक आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे बघ, घाई नाही. पण दुसऱ्या धावपट्टीवरचा तो मेकॅनिक आहे ना, तो म्हणतो, विमान माझ्याकडे आणा. ट्रकवरून नेतो म्हणतो." टोपीची कडा चाचपत ते म्हणाले, "वैमानिकांच्या क्लबात लोक बोलतात. उस्तादांची नजर गेली होती, असं. दिवसभर बघूनही दोष आढळला नाही म्हणतात म्हणजे... मी त्यांना गप्प केलं हं. पण बोलतात."

"चार चष्मे होते त्यांच्याकडे," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"तेच ना," दंतवैद्य हळूच म्हणाले.

"मला उद्याचा दिवस द्या."

"अगं, आठवडा घे."

"उद्याचा पुरे."

*

पाचव्या दिवशी यादीत एकच ओळ उरली होती. मी पुठ्ठा पसरला. उताणी पडले. पंखाचं पोट नाकापासून वीतभर वर होतं. रबरी नळी जोडली, ओठ मिटले. छान मिटत होते. फुंकर मारली.

काही गेलं नाही. गाल फुगले, कानात दडे बसले. भिंतीला तोंड लावून फुंकावं तसं.

मी तशीच पडून राहिले. रडले नाही. पत्र्यावर एक पक्षी नखं वाजवत चालत होता, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग मला बाबांचं वाक्य ऐकू आल्यासारखं झालं, वाटलं काय ते नको, झालं काय ते सांगा, आणि मी उठले. नळी बंद आहे एवढंच कळलं होतं. त्याच्यानेच विमानाला धाप लागत होती हे अजून ठरायचं होतं.

टाकी काठोकाठ भरून घेतली. झाकण घट्ट लावलं. इंजिनाजवळची पेट्रोलची नळी सोडवून तिचं तोंड डब्यात सोडलं, चावी डाव्या टाकीवर फिरवली, विजेचा पंप लावला आणि डब्यासमोर बसले. धार आली, करंगळीएवढी. त्या दिवशी आम्ही मोजली होती तेवढीच. डबा बदलला. दुसऱ्या डब्यात धार बारीक झाली. मग सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी. मग थेंब. एक थेंब नळीच्या ओठावर लोंबकळत राहिला आणि पडलाच नाही.

मी पंखावर चढले आणि झाकण फिरवलं. टाकीने श्वास घेतला. लांब, खोल, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. खाली डब्यात धार पुन्हा धो धो सुरू झाली.

तेव्हा मला सगळं कळलं. बाबांची शिस्त अशी की कोणत्याही विमानाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडायचं आणि पेट्रोल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. काटा काय सांगतो त्याच्यावर जायचं नाही. ही सवय त्यांनी मला लावली, दंतवैद्यांनाही लावली. ते उतरले की आधी झाकण उघडत. झाकण उघडलं की टाकीत हवा शिरे आणि दोष नाहीसा होई. त्या दिवशी धार मोजली तीही झाकण उघडं ठेवूनच. दुसरा एखादा निष्काळजी मेकॅनिक असता तर त्याने झाकण बंद ठेवूनच धार मोजली असती आणि कदाचित ती आटताना त्याला दिसलीही असती. बाबांच्या आणि दोषाच्या मध्ये बाबांची काळजी उभी होती. त्यांना खरं सांगू शकणारी एकच फुंकर होती, आणि ती माझ्याकडे होती.

नळीत तार घातली. वळणाच्या पलीकडून सुकलेल्या चिखलाचे खडे निघाले आणि त्यांच्यात वाळून कडक झालेले तीन कोळी. कुंभारमाशी अशा नळीत चिखलाचं घर करते आणि पिलांच्या खाऊसाठी कोळी आत भरून ठेवते. खडे आणि कोळी मी एका बशीत ठेवले आणि दंतवैद्यांना फोन केला.

ते पांढऱ्या कोटातच आले. मी त्यांना धार दाखवली, नळी दाखवली, बशी दाखवली. त्यांनी चिमट्याने उचलावं तसा दोन बोटांनी एक खडा उचलला.

"एवढ्याने?"

"एवढ्याने."

"आणि मी तुझ्यासारख्यांच्या दाढा भरतो!" ते मोठ्याने हसले. मग मला मिठी मारावी की नाही ते न कळून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "शाब्बास. खरंच शाब्बास. क्लबात आज सांगतो सगळ्यांना, पोरीने शोधलं म्हणून."

मी लॉगबुक उघडलं होतं. मला तिथे लिहायचं होतं, डाव्या टाकीचा व्हेंट बंद, साफ केला. ते माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. बाबांच्या पानावर त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

"हे काय? दोन्ही व्हेंट तपासले, मोकळे." त्यांनी परत वाचलं. मग आवाज खाली आणला. आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसा तो आवाज होता. "अगं, म्हणजे न बघताच लिहिलं त्यांनी."

मी पेनाला टोपण लावलं.

"जाऊ दे. सत्तरी उलटलेला माणूस. खाली वाकायचं, आडवं पडायचं, नसेल झालं त्या दिवशी. तब्येत आतून बिघडलेली असणार, आपल्याला काय माहीत? कोणाच्याही हातून होतं." त्यांनी वही माझ्या हाताखालून अलगद मिटली. "हे पान मी कोणाला दाखवणार नाही. तू पण दाखवू नकोस. तू नव्या पानावर लिही, तुझ्या सहीने. त्यांचं नाव आहे तसं राहील."

ते मनापासून बोलत होते. त्यांचा स्वभाव मुळातच दयाळू आहे. इंजेक्शन देण्याआधी औषधाची कुपी तळहातात धरून गरम करणारा माणूस. मी मान हलवली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. दोघांत राहिलेली, न दाखवलेली एक चूक, आणि ती माझ्या वडिलांची.

गेल्या महिन्याभरात मी कितीतरी बोलले होते. आत्याशी, भेटायला येणाऱ्यांशी, पत्र्याशी, पान्यांशी. हे एक सोडून सगळं.

मी वही परत उघडली. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले. शेडमध्ये तो घुमला.

"त्यांनी विचारलं होतं, डॉक्टर. फुंक मारलीस का, असं मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. मी मारली नव्हती."